डोळ्यांना न दिसणारी आकडी

आषाढातली रात्र होती. पावसाने पत्रे वाजत होते आणि वीज तिसऱ्यांदा गेली होती. बॅटरीच्या उजेडात मी वॉर्डातून फेरी मारत होते. कोपऱ्यातल्या खाटेवर आदल्या दिवशी बाळंत झालेली पोर गाढ झोपली होती आणि तिची आई नातवाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "सिस्टर, तां भुकेललां हा. बघा कसां दूध शोधता."

बाळाचे ओठ चुटचुट हलत होते हे खरं. पण डोळे दूध शोधणाऱ्या बाळाचे नव्हते. ते उजव्या कोपऱ्यात जाऊन तिथेच अडकले होते. डावा पाय सायकल मारावी तसा सावकाश वर-खाली होत होता. मी त्या पायावर तळवा ठेवला आणि अलगद दाबून धरला. नुसती थरथर असती तर हाताखाली थांबली असती. ती थांबली नाही. माझ्या तळव्याखाली तो ठेका तसाच चालू राहिला.

ती आकडी होती. रडणं नाही, दातखीळ नाही, तोंडाला फेस नाही. आजीला ती भूक वाटली यात तिची काही चूक नव्हती.

सिंधुदुर्गात परिचारिका म्हणून माझं आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं नवजात बाळांच्या खोलीत. आता निवृत्त आहे, तरी वाडीतल्या लेकी-सुना अजून विचारायला येतात: बाळ दचकतं, बाळ थरथरतं, बाळाला जन्मल्यावर फिट आली होती, आता पुढे काय? गेल्या काही वर्षांत या विषयावर जगभर जे संशोधन झालं, त्याने मी नोकरीच्या सुरुवातीला शिकले त्यातलं बरंच बदलून टाकलं. ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते.

आधी आकडी म्हणजे काय ते पाहू. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक इशाऱ्यांनी बोलतात. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी मासळीचा लिलाव चालतो तेव्हा शंभर तोंडं शंभर गोष्टी बोलत असतात, गलका असतो, पण प्रत्येकाचं काम होत असतं. आकडीत मेंदूच्या एखाद्या भागातल्या सगळ्या पेशी अचानक एकच शब्द एका तालात ओरडू लागतात, आणि तो थांबेपर्यंत त्या भागाचं दुसरं कुठलंही काम होत नाही. मोठ्या माणसात हा गोंधळ क्षणात सगळ्या मेंदूभर पसरू शकतो, म्हणून सगळं अंग आखडतं आणि झटके येतात. नवजात बाळाच्या मेंदूतल्या तारांवर अजून नीट आवरण चढलेलं नसतं, जोडण्याही कच्च्या असतात. त्यामुळे आकडी बहुधा एका कोपऱ्यात सुरू होते आणि तिथेच राहते. बाहेर दिसतं ते इतकंच: ओठांची चुटचुट, एका बाजूला लागलेले डोळे, पाय मारणं, कधी काही सेकंद अडकलेला श्वास. पुष्कळदा तेवढंही दिसत नाही.

हे "पुष्कळदा" म्हणजे किती, ते आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात मोजलं गेलं. डीअर्ड्री मरे, जेराल्डिन बॉयलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी नवजात बाळांच्या डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या यंत्राच्या, तारा लावून तासन्तास नोंद घेतली, सोबत व्हिडिओही चालू ठेवला. ईईजीवर ५२६ आकड्या सापडल्या. त्यांपैकी व्हिडिओत अंगावर काही खूण दिसली ती १७९ वेळा, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. आणि खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टर-नर्सनी ओळखल्या त्या फक्त ४८. शंभरातल्या नऊ! याच कर्मचाऱ्यांनी "ही आकडी आहे" असं १७७ वेळा नोंदवलं होतं. त्यातल्या १२९ वेळा मेंदूत तसलं काही घडतच नव्हतं. २००८ साली हे छापून आलं.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ हातातलं काम तसंच राहिलं. ती माणसं शिकलेली होती, सावध होती, त्यांच्याकडे सगळी साधनं होती. त्यांचंही हे असं होतं. मग आपण डोळ्यांच्या भरवशावर किती बाळांना नको ते औषध दिलं असेल आणि किती बाळांना "शांत झोपलंय" म्हणून सोडलं असेल? अपस्मारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली नवजात बाळांच्या आकडीचं नवं वर्गीकरण केलं, त्यात ईईजीला मध्यवर्ती जागा दिली ती यामुळेच.

ईईजीचं नाव काढलं की घरची माणसं घाबरतात. "डोक्याला शॉक देतात काय?" हा प्रश्न मला किती वेळा आला याची गणती नाही. शॉक वगैरे काही देत नाहीत. बाहेरून आत काहीच जात नाही. मेंदूत आपोआप तयार होणारी वीज डोक्याच्या कातडीवर अगदी क्षीण पोचते, टॉर्चच्या एका सेलच्या काही हजारांश नव्हे, लाखांश भागांच्या हिशेबात मोजावी इतकी. ती टिपून मोठी करून रेघोट्यांच्या रूपात दाखवणं, एवढंच काम. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. बाळाला त्याचा त्रास म्हणाल तर डोक्यावर चिकट मलम लागतं आणि ते धुताना बाळ रडतं.

खरी अडचण रेघोट्या वाचणाऱ्याची आहे. रात्री दोन वाजता नवजात बाळाचा ईईजी वाचणारा माणूस मोठ्या शहरातही सहज मिळत नाही, मग आपल्याकडे कुठला? म्हणून कॉर्कच्याच गटाने ईईजी वाचून इशारा देणारा संगणकीय कार्यक्रम तयार केला आणि युरोपातल्या आठ रुग्णालयांत तो तपासला. २०२० साली निकाल आले. ज्या तासांत आकडी आली होती त्यांपैकी कार्यक्रमाच्या मदतीने ६६ टक्के तास ओळखले गेले, मदतीशिवाय ४५ टक्के. मात्र "या बाळाला आकड्या येतायत की नाही" हे ठरवण्यात मोठा फरक पडला नाही. यंत्र सोबतीला चांगलं आहे, माणूस सुटलेला नाही.

आता मला ज्या भागात सगळ्यांत जास्त गोडी वाटते तो भाग. मोठ्यांना लागू पडणारी आकडीची औषधं नवजात बाळाला का नीट लागू पडत नाहीत?

खाडीकाठच्या खार जमिनी तुम्ही पाहिल्या असतील. बांध घातलेला असतो आणि बांधाला उघाडी असते, म्हणजे पाणी सोडायचं दार. समजा, ते दार कुणी हाताने उचललं. पाणी आत येईल की बाहेर जाईल? ते दारावर ठरत नाही, भरतीवर ठरतं. बाहेर भरती असेल तर खारं पाणी आत शिरेल, ओहोटी असेल आणि आत पाणी साचलेलं असेल तर तेच बाहेर धावेल.

मेंदूच्या पेशीला अशीच एक उघाडी असते, क्लोराइडची. क्लोराइड म्हणजे मिठातला एक हिस्सा, ऋण भार असलेला. गाबा नावाचं रसायन ही उघाडी उघडतं. मोठ्या माणसाच्या मेंदूत पेशीबाहेर क्लोराइड जास्त आणि आत कमी, म्हणजे सदा भरती. दार उघडलं की क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. म्हणून गाबा हे मेंदूला निजवणारं रसायन. नवजात बाळाच्या मेंदूत मात्र आतच क्लोराइड साचलेलं असतं, कारण ते आत ओढणारा पंप जोरात चालू असतो आणि बाहेर फेकणारा पंप अजून पुरता उभा राहिलेला नसतो. दार उघडलं की क्लोराइड बाहेर धावतं आणि पेशी शांत व्हायच्या ऐवजी चेतते. जे रसायन मोठ्यांना निजवतं तेच या वयात जागवतं. फ्रान्समधले संशोधक येहेज्केल बेन-आरी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत हे दाखवलं. निसर्गाने हे चुकून केलेलं नाही. ही जागच पेशींना वाढायला आणि जोडण्या करायला लागते. पण आकडीच्या वेळी ती अंगाशी येते.

आणि आपलं जुनं औषध, फेनोबार्बिटोन, ज्याला सगळे गार्डिनाल म्हणतात, नेमकं गाबाच्या याच दारावर काम करतं. त्यातून काही बाळांत एक फसवी गोष्ट घडते. औषध दिल्यावर बाळाचे हातपाय थांबतात, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि वरच्या मेंदूत आकडी चालूच राहते. डोळ्यांना दिसायची ती बंद झाली, एवढंच.

मग संशोधकांना वाटलं, आत ओढणारा पंपच बंद केला तर? ब्युमेटॅनाइड नावाचं लघवी वाढवणारं जुनं औषध तो पंप अडवतं. प्रयोगशाळेत फार आशा दिसली. युरोपात बाळांवर चाचणी सुरू झाली आणि अर्ध्यात थांबवावी लागली. २०१५ साली त्याचा अहवाल आला. आकड्या पुरेशा थांबल्या नाहीत आणि वाचलेल्या ११ बाळांपैकी ३ बाळांच्या ऐकण्यात दोष निघाला. आतल्या कानातही तोच पंप काम करतो. एवढी सुंदर कल्पना, आणि बाळाच्या अंगात उतरली तेव्हा असं झालं. अशा फसलेल्या चाचण्यांचे अहवाल प्रामाणिकपणे छापले जातात याचं मला मोल वाटतं, कारण त्यामुळे पुढची बाळं वाचतात.

दुसरी चाचणी अमेरिकेतून आली, २०२० साली. लेव्हेटिरासिटॅम हे नवं औषध तोपर्यंत पुष्कळ ठिकाणी पहिली पसंती होऊ लागलं होतं, सुरक्षित म्हणून. ईईजी लावून दोन्ही औषधांची तुलना केली, तर फेनोबार्बिटोनने ८० टक्के बाळांच्या आकड्या २४ तास थांबल्या आणि लेव्हेटिरासिटॅमने २८ टक्के. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणीही मिळतं. त्याने गुंगी येते, श्वास मंदावतो, त्यामुळे बाळावर नजर ठेवावी लागते. पण "जुनं औषध दिलं, म्हणजे आमच्या बाळावर दुय्यम उपचार झाले" असं कुणी मनात आणू नये.

हे झालं आकडी थांबवण्याचं. तिचं मूळ कुठे असतं? हजार बाळांमागे साधारण १ ते ५ बाळांना पहिल्या महिन्यात आकडी येते, आणि बहुतेकांत तिच्यामागे काहीतरी ठोस कारण असतं. सगळ्यांत मोठं कारण जन्माच्या आसपास मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडणं. त्याखेरीज मेंदूतला पक्षाघात, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तातली साखर किंवा कॅल्शियम उतरणं. थोड्या बाळांत जनुकांतला दोष. एका दुर्मिळ प्रकारात तर बी-६ जीवनसत्त्व दिल्यावरच आकड्या थांबतात, म्हणून औषधांना दाद न देणाऱ्या बाळाला डॉक्टर ते देऊन पाहतात. पूर्वी एक कारण आणखी होतं, धनुर्वात. नाळ कापताना जंतू शिरायचे आणि आठवड्याभरात बाळ ताठायचं. पाचवीच्या रात्री आपल्याकडे दिवा विझू देत नाहीत, बाळाला एकटं ठेवत नाहीत. त्या भीतीच्या मुळाशी हाच आजार असावा असं मला नेहमी वाटतं. गरोदरपणीच्या लशीने आणि स्वच्छ बाळंतपणाने तो इतका मागे हटला की २०१५ साली भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचं शरीर ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसवर गार ठेवायचं, जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरुवात करायची, हा उपचार श्रीमंत देशांत मान्य झाला आहे. मेंदूला मार बसल्यावर पेशी एकदम मरत नाहीत, पुढचे काही तास-दिवस हळूहळू मरत राहतात. गारव्याने ती साखळी मंदावते. मग आपल्याकडेही तेच करावं, असं कुणालाही वाटेल. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधले नवजात मेंदूतज्ज्ञ सुधीन तय्यिल यांनी मात्र ते गृहीत धरलं नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्यांनी रीतसर चाचणी केली. २०२१ साली निकाल लागला तो धक्का देणारा होता. गार ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, नेहमीची काळजी घेतलेल्यांपैकी ३१ टक्के. गारव्याने मेंदूची इजाही कमी झाली नव्हती. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा उपचार देऊ नये, असा निष्कर्ष त्यांनी स्पष्ट लिहिला.

असं का व्हावं? या गटाने मांडलेली कारणमीमांसा माझ्या अनुभवाशी जुळते. तिकडे इजा बहुधा अचानक होते: नाळ दबली, वार सुटली, आणि मिनिटांत बाळ बाहेर काढलं. सहा तासांची घडी तिथून सुरू होते. आपल्याकडे पुष्कळदा कळा चालू असताना तासन्तास प्राणवायू थोडाथोडा कमी पडत राहतो. बाळ जन्माला येतं तेव्हा ती सहा तासांची मुदत पोटातच सरून गेलेली असते.

म्हणून तय्यिल यांचं पुढचं काम वेगळ्या दिशेने गेलं. प्रिव्हेंट नावाचा त्यांचा प्रकल्प दक्षिण भारतातल्या सरकारी रुग्णालयांत झाला आणि त्याचा रोख बाळाच्या पेटीवर नसून प्रसूतिकक्षावर आहे. कळांच्या वेळी बाळाच्या हृदयाचे ठोके नीट मोजणं, प्रसूती कशी पुढे सरकतेय याचा आलेख भरणं, बाईजवळ तिचं माणूस असू देणं, आणि न रडलेल्या बाळाला ताबडतोब श्वास देणं. मुलांच्या अपस्माराचा आजार प्रसूतिकक्षात अडवायचा, असा हा विचार. एका संशोधकाने स्वतःच्या चाचणीचं अपयश समोर ठेवून त्यातूनच पुढचा रस्ता काढला, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्या किनारपट्टीला हा विचार तंतोतंत लागू आहे. देवगड-वेंगुर्ल्यातलं गंभीर बाळ पूर्वापार गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातं. रत्नागिरीकडचं आंबा घाट चढून कोल्हापूरला. पावसाळ्यात घाटात दरड आली की तीन तासांचे सहा होतात. इतक्या वेळात कुठलाही उपचार शिळा होतो. पण पोटातल्या बाळाचे ठोके मोजायला घाट ओलांडावा लागत नाही. ते मिनिटाला ११० ते १६० असावेत. कळ ओसरल्यावरही मंद राहत असतील तर ते बाळ मदत मागतंय. न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास द्यायचा तो पहिल्या मिनिटात, आणि त्याला वीजही लागत नाही. त्याचं प्रशिक्षण देणारा सरकारी कार्यक्रम २००९ पासून देशभर चालू आहे. बाळंतपणाचं ठिकाण ठरवताना खोली एसी आहे का हे विचारण्याआधी "बाळ रडलं नाही तर इथे श्वास कोण देईल?" हे विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर दुसरं ठिकाण बघा.

आता त्या आषाढातल्या बाळाकडे येते. टाचेला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला, तर साखर २४. साधारण ४० ते ४५च्या खाली गेली की आम्ही धावतो. बाळ जन्माला येऊन तीस तास झाले होते. "दूध उतरलां नाय" म्हणून चिकाचं दूध पाजलंच नव्हतं, बोटाने मध चाटवला होता. दिवसभराच्या पाळीत कुणी बाळाने किती वेळा दूध घेतलं हे विचारलं नव्हतं. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत पाय थांबला आणि डोळे मध्ये आले. पहाटे बाळ बांबोळीला रवाना झालं. ते वाचलं. सहाव्या वर्षी मात्र त्याला पुन्हा झटके येऊ लागले, आणि नजरही कमी होती. साखर फार उतरली की मेंदूचा मागचा भाग, जिथे बघण्याचं केंद्र आहे, तिथे जास्त मार बसतो. बाळाच्या मेंदूला साखर सोडून दुसरं इंधन फारसं नसतं आणि साठा काही तासांचा असतो. पहिल्या तासात छातीला लावलेलं बाळ, चमचाभर का होईना पिवळट चीक, आणि दर दोन-तीन तासांनी पाजणं, याने आकडीचं हे कारण टळतं. कमी वजनाची बाळं, मधुमेही आईची बाळं, दिवसांआधी आलेली बाळं यांची साखर मागून तपासून घ्या. मध अजिबात नको, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून घातक विषबाधा होऊ शकते.

आणि कापूर. सर्दी झाली की खोबरेल तेलात कापूर विरघळवून बाळाच्या छातीला चोळायची आपल्या घराघरांत पद्धत आहे. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत आकडी येऊ शकते, आणि बाळाची कातडी इतकी पातळ असते की नुसता चोळूनही तो अंगात उतरू शकतो. तेल नुसतं चोळा. कापूर देवापुढे ठेवा.

बाळाला आकडी येऊन गेली, ते घरी आलं. म्हणजे त्याला अपस्मार झाला का? नाही. कारण असलेली आकडी कारण गेल्यावर बहुधा जाते. अपस्मार म्हणजे तसं तात्कालिक कारण नसताना पुन्हा पुन्हा झटके येण्याची मेंदूची प्रवृत्ती. अमेरिकेत रेने शेलहास, हॅना ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ रुग्णालयांतल्या अशा ३०३ मुलांचा दोन वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला. साधारण १३ टक्के मुलांना पुढे अपस्मार झाला. महत्त्वाची गोष्ट ही की आकड्या थांबल्यावर ज्यांचं औषध घरी जायच्या आधीच बंद केलं त्यांच्यात, आणि ज्यांना महिनोन्‌महिने "असू दे" म्हणून चालू ठेवलं त्यांच्यात, ना वाढीत फरक पडला ना अपस्मारात. २०२१ सालच्या या अभ्यासाने डॉक्टरांना औषध लवकर थांबवायचं बळ दिलं. याचा अर्थ घरी आपल्या मनाने गोळी बंद करा असा मात्र नव्हे. डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, "हे औषध कशासाठी चालू आहे आणि कधीपर्यंत?" हा तुमचा हक्काचा प्रश्न आहे.

त्या १३ टक्क्यांत आपलं बाळ आहे का, हे ओळखायची एक जागा चार ते सात महिन्यांच्या आसपास येते, आणि तीच सगळ्यांत जास्त हुकते. बाळ झोपेतून उठतं आणि अचानक मान-कंबर पुढे वाकते, दोन्ही हात फाकतात, क्षणभर सगळं अंग आवळतं आणि सुटतं. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा. पुन्हा. अशी एक माळच लागते. मध्ये बाळ रडतं, म्हणून सगळे म्हणतात पोटात कळ येतेय. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम वेस्ट यांनी १८४१ साली लॅन्सेट नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्या मुलाचा हा आजार कळवला होता. त्या काळी या वाकण्याला सलामाची उपमा दिली गेली. झटके किरकोळ दिसतात, पण त्या काळात मेंदूचा ईईजी सगळा विस्कटलेला असतो आणि बाळ शिकलेलं विसरू लागतं. ओळखीचं हसू जातं. यावर उपचार आहेत, संप्रेरकांची इंजेक्शनं किंवा तोंडाने स्टेरॉइड, नाहीतर व्हिगाबॅट्रिन. त्यांचा गुण किती येईल हे पुष्कळसं किती लवकर सुरू केलं यावर ठरतं. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, मीही घालते. पण गाडीत बसल्यावर घाला.

ताप चढताना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला येणारी आकडी ही वेगळी गोष्ट. ती भयंकर दिसते आणि बहुतेक वेळा मागे काही ठेवून जात नाही. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. पहिल्यांदाच आली असेल तर थांबल्यावरही दाखवायला न्या. आधी आकडी येऊन गेलेल्या मुलासाठी नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा डॉक्टर लिहून देतात, तो घरात कुठे ठेवलाय हे सगळ्यांना माहीत असू दे.

अंगणवाडी-शाळेत मुलांची तपासणी करायला येणारं सरकारी पथक झटक्यांच्या आजाराचीही नोंद घेतं. तो राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली आपल्याच किनाऱ्यावर, पालघरला सुरू झाला. पथकापासून मुलीची फिट लपवू नका. पुढे लग्न अडेल म्हणून लपवतात. अपस्माराच्या कारणावरून लग्न रद्द ठरवण्याची तरतूद कायद्यातून १९९९ सालीच काढली आहे.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या वाडीतली एक सून पाच महिन्यांचं बाळ घेऊन आली. "मामी, सकाळी उठल्यावर असा करता." बाळ तेव्हा अगदी शांत होतं. तिने फोन पुढे केला. पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत मी सात वेळा वाकणं मोजलं. "उद्या नको, आत्ता निघ," म्हटलं. ती त्याच दिवशी दुपारच्या एसटीने गेली, डॉक्टरांनीही आधी तो व्हिडिओ बघितला आणि मग ईईजीसाठी पुढे पाठवलं. आठवड्याच्या आत औषध सुरू झालं. डॉक्टरांनी तिला रोजची मोजणी ठेवायला सांगितली आहे. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, त्याच्या चौकोनांत ती पेन्सिलीने आकडा लिहिते: ३१, २६, २८, ११, ४. परवा मी गेले तेव्हा शेवटच्या नऊ चौकोनांत शून्य होतं. पुढचा ईईजी येत्या गुरुवारी आहे.